पंधराच्या वेगाने मोडलेला घोटा

माझा डावा घोटा मोडला तेव्हा मोटारसायकलचा वेग ताशी पंधरा किलोमीटरहून अधिक नव्हता. ऑगस्ट महिना होता, रात्रभराच्या पावसानंतर सकाळी उघडीप पडली होती आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजीहून एका शेतकऱ्याच्या गोठ्यावर जाण्यासाठी मी नेहमीच्याच पांदणीत गाडी घातली होती. काळ्या मातीचा गारा पुढचे चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये गच्च बसला, चाक फिरायचे थांबले आणि गाडी जागच्या जागी डावीकडे कलंडली. त्या दिवशी माझ्या अंगात पाठीला, खांद्यांना आणि कोपरांना पॅड असलेले नवे कोरे जॅकेट होते. पायात मात्र रोजचे कापडी बूट होते. दीडशे किलोंहून अधिक वजनाची गाडी घोट्यावर आली. जॅकेटला ओरखडासुद्धा उमटला नाही. पुढचे दहा आठवडे ते खुंटीला टांगलेले होते आणि मी खाटेवर पडून त्याच्याकडे पाहत होतो.

त्या दहा आठवड्यांत मी जे वाचले आणि नंतरच्या चार वर्षांत जे वापरून पाहिले, त्यावरून हे लिहीत आहे. जनावरांना कृत्रिम रेतन करण्याच्या कामानिमित्त मला रोज पन्नास-साठ किलोमीटर फिरावे लागते आणि त्यातले निम्मे तरी कच्चे असतात. रविवारी आम्ही चौघे मित्र हौसेने पारवा, पांढरकवडा आणि पैनगंगेच्या खोऱ्याकडचे आडरस्ते धुंडाळतो. टिपेश्वर अभयारण्याच्या हद्दीत अर्थातच गाड्या नेत नाही. संरक्षक साधनांविषयीचे बहुतेक लेखन मोठ्या शहरातल्या, वर्षातून एकदा लडाखला जाणाऱ्या माणसाला डोळ्यांपुढे ठेवून केलेले असते. आमची जमीन वेगळी आहे आणि ऊनही वेगळे आहे, त्यामुळे खरेदीचा क्रमही वेगळा असायला हवा, असे माझे मत आहे.

आधी जमिनीविषयी. डांबरावर पडलेला माणूस घसरत जातो, म्हणून तिथे कापडाचा घासण्याला होणारा विरोध महत्त्वाचा ठरतो. पांदणीत पडलेला माणूस फारसा घसरत नाही. तो आपटतो, दबतो किंवा त्याला काहीतरी टोचते. पावसाळ्यात आम्ही बहुधा चालण्याच्या वेगाने पडतो आणि पाय गाडीखाली अडकतो. दिवाळीनंतर चाकोऱ्या वाळून सिमेंटासारख्या टणक होतात, त्यांत पुढचे चाक अडकले की माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो आणि हात टेकल्यामुळे मनगट किंवा कॉलर बोन जाते. मार्चमध्ये तूर निघाल्यावर शेतात उरलेली धसकटे इतकी टोकदार असतात, की त्यांवर पडणे म्हणजे खिळ्यांच्या फळीवर पडणे. त्यात धुऱ्यावरच्या काटेरी तारा, रानडुकरांसाठी लावलेल्या झटका मशीनच्या तारा आणि तिन्हीसांजेला तुरीतून अचानक आडवा येणारा रोही, म्हणजे नीलगाय. हे सगळे लक्षात घेतले, तर हेल्मेटनंतर लगेच बुटांचा क्रमांक लागतो, मग गुडघे, मग छाती आणि हात, आणि शेवटी जॅकेट. मी नेमके उलटे केले होते, कारण फोटोत जॅकेट दिसते, बूट दिसत नाहीत.

हेल्मेटच्या बाबतीत पहिली अट आयएसआय चिन्हाची. दुचाकीच्या हेल्मेटसाठी आपल्याकडे आयएस ४१५१ हे मानक आहे आणि १ जून २०२१ पासून त्या मानकाचे प्रमाणपत्र नसलेले हेल्मेट बनवणे किंवा विकणे बेकायदेशीर आहे. तरीही रस्त्याच्या कडेला बांबूवर टांगलेली, आत कागदासारखा स्पंज असलेली टोपली हेल्मेट म्हणून विकली जातातच. खऱ्या चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो आणि खाली सीएम/एल या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ या सरकारी ॲपमध्ये टाकला की परवाना कोणाचा आहे आणि तो चालू आहे की नाही, हे तिथल्या तिथे कळते. दुकानदारासमोर मोबाइल काढायला संकोच वाटतो, हे मला मान्य आहे; पण आपण बियाण्याच्या पिशवीवरचा लॉट नंबर तर न लाजता वाचतो.

चांगल्या हेल्मेटवर ईसीई २२.०६ असेही लिहिलेले आढळते. हे युरोपात वापरले जाणारे मानक असून जुन्या २२.०५ च्या तुलनेत त्यात तिरप्या आघाताची चाचणी वाढवलेली आहे. डोके क्वचितच सरळ आपटते. ते बहुधा तिरपे आपटते, त्यामुळे झटक्यात फिरते आणि आतला मेंदू त्या फिरण्याने दुखावतो. हे फिरणे कमी करण्यासाठी काही हेल्मेटांत मिप्स नावाचा एक पातळ, निसरडा थर असतो, जो आघाताच्या क्षणी दहा-पंधरा मिलिमीटर सरकतो. स्वीडनमधील एक मेंदूशल्यविशारद आणि स्टॉकहोमच्या तंत्रविद्यापीठातील संशोधक यांच्या कामातून तो तयार झाला. नुसत्या अमेरिकी डॉट चिन्हावर मात्र मी भिस्त ठेवत नाही, कारण त्या पद्धतीत विक्रीपूर्वी कोणी तपासून शिक्का देत नाही. उत्पादक स्वतःच आपले हेल्मेट नियमात बसते असे जाहीर करतो.

हेल्मेटमध्ये प्रत्यक्ष काम करतो तो बाहेरचे चकचकीत कवच नव्हे, तर त्याच्या आतला थर्माकोलचा थर. लसींच्या थर्माकोलच्या डब्यावर अंगठा दाबून पाहा: खड्डा पडतो आणि तो परत भरून येत नाही. हेल्मेटमधला थर्माकोल अधिक दाट असतो, पण त्याचे कामही हेच, की स्वतः दबून आघाताचा जोर खाऊन टाकणे. म्हणून एकदा जोरात आपटलेले हेल्मेट बाहेरून धडधाकट दिसत असले तरी त्याचा तेवढा भाग संपलेला असतो. आमच्याकडे पडलेल्या हेल्मेटला रंग मारून ते धाकट्या भावाला देण्याची रीत आहे. तसे करू नये. पडले नाही तरी पाच वर्षांच्या आसपास हेल्मेट बदलावे, कारण घाम, डोक्याचे तेल, पेट्रोलची वाफ आणि ऊन यांनी अस्तर आणि चिकटवलेले भाग झिजत जातात. पत्र्याच्या टपरीखाली मे महिनाभर टांगून ठेवलेल्या हेल्मेटाचे आयुष्य त्याहूनही कमी समजावे.

कच्च्या रस्त्याचे हेल्मेट म्हणजे हनुवटीचा भाग पुढे आलेले, वर टोपीसारखे छज्जे असलेले, काच नसलेले आणि गॉगल लावून वापरायचे, अशी समजूत आहे. हे झाले शुद्ध मोटोक्रॉसचे, म्हणजे मातीच्या मार्गावरच्या शर्यतीचे हेल्मेट. हनुवटीपुढे जागा असल्यामुळे धाप लागल्यावरही श्वास मोकळा घेता येतो. छज्जा उतरत्या उन्हाला आणि पुढच्या गाडीच्या चाकातून उडणाऱ्या खड्यांना अडवतो. पण माझ्यासारख्याला आधी तीस किलोमीटर डांबर तुडवून मग पांदण गाठायची असते, आणि ताशी ऐंशीच्या वेगाला तोच छज्जा वारा पकडून मान मागे ओढतो. म्हणून मी काच आणि छज्जा दोन्ही असलेले, ड्युअल स्पोर्ट म्हणतात ते हेल्मेट घेतले. त्याचा छज्जा लांब प्रवासात काढून ठेवता येतो आणि काच वर करून आत गॉगलही बसतो. हनुवटी उघडणारे मॉड्युलर हेल्मेट चष्मेवाल्यांना सोयीचे वाटते, पण जिथे तोंडावर पडण्याची शक्यता अधिक आहे तिथे बिजागरीवर उघडणारी हनुवटी मला नको वाटते. अर्धे हेल्मेट तर मी विचारातच घेत नाही.

या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट माप. भुवयांच्या वर दोन बोटांवरून आणि मागे डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावरून शिंप्याची टेप फिरवावी, आकडा लिहून न्यावा आणि त्या कंपनीच्या तक्त्याशी ताडून पाहावा, कारण एकीचे मीडियम दुसरीचे लार्ज असू शकते. नवे हेल्मेट गाल दाबणारे असावे. डोके हलवले की गालांची कातडी हेल्मेटबरोबर हलली पाहिजे. मात्र कपाळावर एकाच ठिकाणी टोचत असेल, तर हेल्मेटचा आकार आपल्या डोक्याच्या घडणीचा नाही, असे समजावे. लहान-मोठे माप घेऊन ते दुखणे जात नाही. पट्टा आवळून मागच्या कडेला धरून कोणाला तरी वर-पुढे ओढायला सांगावे. तेवढ्याने हेल्मेट डोक्यावरून निघत असेल, तर ते पडतानाही निघेल. दुकानात पंधरा मिनिटे तरी ते घालून बसावे. मी नागपूरच्या एका दुकानात तसा बसलो, तेव्हा मालकाने मला चहा पाजला आणि त्याच्या मुलाने माझा फोटो काढला.

आमच्या भागातली एक अडचण मला कुठल्याच मार्गदर्शनात सापडली नाही, ती म्हणजे दुपट्टा. होळीनंतर विदर्भात कोणीही डोक्याला आणि कानांना दुपट्टा गुंडाळल्याशिवाय बाहेर पडत नाही. काही जण खिशात कांदाही ठेवतात, आणि त्याविषयी माझी काही तक्रार नाही. पण दुपट्ट्याच्या तीन घड्या आणि मागची गाठ यांवर हेल्मेट घातले, की ते डोक्यावर बसत नाही, नुसते ठेवलेले असते. आणि दुपट्टा मावावा म्हणून माणूस एक माप मोठे हेल्मेट घेतो, जे पुढे आठ महिने ढिले राहते. पातळ सुती बालाक्लाव्हा, म्हणजे डोके, कान आणि मान झाकणारी टोपी, घ्यावा, तोच पाण्यात भिजवून घालावा, आणि दुपट्टा गळ्याभोवती घेऊन त्याची टोके जॅकेटात खोचावीत. मोकळी टोके साखळीत किंवा चाकात जातात.

हेल्मेट हवे हा विचार तसा फार जुना नाही. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून ओळखला जाणारा ब्रिटिश लष्करी अधिकारी टी. ई. लॉरेन्स १९३५ च्या मे महिन्यात आपल्या घराजवळच्या गावरस्त्यावर, सखल भागामुळे न दिसलेल्या दोन सायकलस्वार मुलांना चुकवताना मोटारसायकलवरून पडला आणि सहा दिवसांनी गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्या ह्यू केर्न्स या शल्यविशारदाने मग मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास हाती घेतला आणि १९४१ मध्ये हेल्मेटच्या उपयोगाविषयीचा लेख प्रसिद्ध केला. ते वाचताना मला ‘घराजवळचा रस्ता’ हे शब्द अडले. गावात कोणालाही विचारा, हेल्मेट का नाही, तर उत्तर येते, “वावरापर्यंतच तं चाललो.” मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये वावरापर्यंतची सूट नाही, मागे बसणाऱ्यालाही नाही, आणि चार वर्षांवरील मुलांनाही नाही.

आता बूट. घोट्याच्या वर नडगीपर्यंत जाणारे, नडगीवर कडक प्लेट असलेले, घोट्याच्या दोन्ही बाजूंना आधार असलेले आणि तळात पोलादी किंवा कडक पट्टी असलेले बूट हे कच्च्या रस्त्याचे खरे बूट. हातात घेऊन ते पिळून पाहावेत. टाचेला धरून पुढचा भाग सहज मुरगळता आला, तर गाडी पडल्यावर घोटाही तसाच मुरगळेल. आमच्याकडे पावसाळ्यात गमबूट चालतात. ते साप-विंचवासाठी ठीक आहेत, पण रबरी नळकांड्यात घोट्याला कसलाही आधार नसतो. कारखान्यातले पोलादी टोपीचे सेफ्टी शूज बोटे वाचवतात, घोटा नाही. जुने लष्करी पद्धतीचे बूट या दोन्हींपेक्षा बरे, पण त्यांच्या नाड्या गिअरच्या दांड्यात अडकतात. त्या आत खोचून घ्याव्यात. मोटोक्रॉसचे अगदी ताठ बूट घालून मात्र मला दिवसभर काम करता आले नाही. त्यांत गिअर कळत नाही आणि गोठ्यात उकिडवे बसता येत नाही. मी शेवटी ॲडव्हेंचर प्रकारातले, थोडे लवचीक बूट घेतले. दुसऱ्या पावसाळ्यात गाडी पुन्हा तशीच, त्याच बाजूला पडली. पाय ओढून काढला आणि पुढे गेलो.

गुडघ्यांसाठी दोन पर्याय असतात. साधे नी गार्ड आघात झेलतात; बिजागरीचे नी ब्रेस गुडघा उलटा किंवा आडवा वाकू देत नाहीत, पण त्यांची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची आहे. मी पहिल्यावर समाधान मानले. गुडघ्याच्या वर आणि खाली असे दोन पट्टे असलेला गार्ड घ्यावा, एकाच पट्ट्याचा अर्ध्या तासात नडगीवर उतरतो.

पॅडच्या लेबलांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तिथे फसगत होते. ‘सीई’ हे युरोपीय चिन्ह तेवढे असणे पुरेसे नाही. खांदे, कोपर, गुडघे यांच्या पॅडवर ईएन १६२१-१, पाठीच्या पॅडवर १६२१-२ आणि छातीच्या पॅडवर १६२१-३ हा क्रमांक हवा, आणि शेजारी लेव्हल १ किंवा २ असे लिहिलेले हवे. चाचणीत पॅडवर पन्नास जूलचा आघात करतात आणि पलीकडे किती बल पोहोचते ते मोजतात. हातापायांच्या लेव्हल १ पॅडमधून सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत बल गेले तरी चालते, लेव्हल २ मधून २० पर्यंतच. पाठीसाठी हेच आकडे १८ आणि ९ आहेत. म्हणजे पाठीच्या पॅडमध्ये पहिल्या आणि दुसऱ्या पातळीत निम्म्याचा फरक आहे. कित्येक जॅकेटांत पाठीच्या खिशात नुसता फोमचा तुकडा असतो, ज्यावर कोणताच क्रमांक नसतो. तो काढून टाकून खरा पॅड वेगळा विकत घ्यावा.

त्याच लेबलावर कधीकधी T+ असे बारीक चिन्ह असते. विदर्भातल्या माणसाने ते मुद्दाम शोधावे. आजकालचे मऊ पॅड एरवी लवचीक राहतात आणि आघात होताच ताठर होतात, पण त्यांतले काही उष्णतेने अधिकच मऊ पडतात. ज्या पॅडची चाचणी चाळीस अंशांनाही घेतलेली असते, त्यांवर हे चिन्ह असते. युरोपात ती ऐच्छिक चाचणी आहे, आमच्याकडे मेमध्ये चाळीस अंश म्हणजे सकाळचे अकरा.

उन्हाचा प्रश्न खरोखर सर्वांत अवघड आहे. चंद्रपूर, अकोला, वर्धा या भागांत पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, आमचा यवतमाळ जिल्हाही फार मागे नाही. जाळीचे जॅकेट घ्या म्हणजे वारा लागेल, असे सांगितले जाते. ते पस्तीस-छत्तीस अंशांपर्यंत खरे आहे. हवा कातडीपेक्षा गरम झाली की तोच वारा अंगाला थंड करण्याऐवजी तापवतो, आणि घाम इतक्या वेगाने वाळवतो की आपल्याला पाणी कमी पडत असल्याचे कळतही नाही. अशा वेळी आतला सुती बनियन भिजवून घ्यावा, जाळीची निम्मी तोंडे बंद ठेवावीत आणि पाठीवर दोन लिटरची पाण्याची पिशवी नळीसह बाळगावी. मी त्यात लिंबू, साखर, मीठ घालतो. त्या पिशवीत पक्कड-पाने ठेवू नयेत, कारण पाठीवर पडल्यास तीच कण्यात रुततात. एप्रिल-मेमध्ये रविवारची भटकंती आम्ही पहाटे साडेपाचला सुरू करून दहाच्या आत संपवतो. कामाच्या दिवसांत मी जॅकेट घालतच नाही. पॅड शिवलेला जाळीचा शर्ट घालतो आणि वर सैल, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट. डांबरावर घसरलो, तर तो जॅकेटइतका टिकणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण जॅकेट खुंटीला राहण्यापेक्षा हा शर्ट अंगावर राहतो.

मी अशा वेशात एका वावरात उतरलो, तेव्हा तिथल्या आजोबांनी विचारले होते, “काय डॉक्टर, फवारणीले निघाले का?” सगळे हसले, मीही हसलो. पण २०१७ मध्ये याच जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, त्यानंतर मास्क, हातमोजे आणि अंगरखा असलेल्या संरक्षक किटचा पुष्कळ प्रचार झाला, आणि तरी ऑक्टोबरच्या उन्हात तो प्लॅस्टिकचा अंगरखा घालून कोणी फवारताना मला क्वचितच दिसतो. लोक बेफिकीर असतात असे नाही. घातल्यावर जीव घाबरा होतो. साधन निवडताना चाचणीच्या आकड्यांइतकाच हाही हिशेब करावा लागतो.

छातीसाठी मिळणाऱ्या कडक प्लॅस्टिकच्या ढालींपैकी बऱ्याच ढाली केवळ उडणारे खडे अडवण्यासाठी असतात. त्यांवर १६२१-३ हा क्रमांक नसतो. आमच्या धसकटांपुढे त्याही उपयोगी पडतात, पण त्या आघात झेलतील असे समजू नये. हातमोजे पातळ, तळव्याला दुहेरी कातडे असलेले घ्यावेत. बाभळीच्या आणि हिवराच्या फांद्यांसाठी बोटांवर कडक आवरण हवे, आणि गाडीला हँडगार्ड बसवलेले उत्तम. गॉगलला तीन थरांचा फोम असेल, तर पुढच्या ट्रॅक्टरचा फुफाटा आत येत नाही. चिखल उडाल्यावर काच कोरड्या हाताने पुसू नये, काळ्या मातीतली कच तिला ओरखडे पाडते. मानेचा ब्रेस मी घेतलेला नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या लीएट नावाच्या डॉक्टरने, डोळ्यांसमोर एका स्वाराचा मृत्यू पाहिल्यानंतर तो विकसित केला. उड्या मारणाऱ्यांना आणि शर्यतीत उतरणाऱ्यांना त्याची गरज असेल, गोठ्यावर जाणाऱ्याला नाही. एअरबॅगच्या जॅकेटाचेही तेच. २०२१ पासून डाकार रॅली या वाळवंटी शर्यतीत दुचाकीस्वारांना ते सक्तीचे झाले. त्याच वर्षी आपला भारतीय स्वार सी. एस. संतोष तिथे पडून कोमात गेला होता आणि त्यातून बरा झाला. पण तो वेग आणि ते वाळवंट माझे नव्हे.

पावसाळ्यात एक काम रोजचे वाढते. घरी आल्यावर बुटांच्या बकलांमध्ये शिरलेली काळी माती ओली असतानाच धुऊन काढावी लागते. वाळली की बकल उघडत नाही आणि पाना लावावा लागतो. नंतर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून बूट ओसरीत ठेवायचे, चुलीजवळ नाही. सकाळी घालण्यापूर्वी आई ते उलटे करून उंबऱ्यावर दोनदा आपटते. गेल्या भादव्यात त्यातून विंचू पडला होता.